मधला माइक

सौंसर, २ मार्च २०२५
चि. करुणास, जयभीम आणि आशीर्वाद वि. वि.

फोनवर माझा घोगरा आवाज तुला कळत नाही, नुसती हॅलो हॅलो करत राहतेस. म्हणून आशिषच्या हाती पत्र धाडते आहे. आईचं एवढं काम तरी करतो. तू पोतंभर संत्री पाठवलीस, ती खाल्ली आणि घसा बसला तो बसलाच. ज्येष्ठमध चघळून जीभ सोलली. आता घासही छातीत अडकतो.

काल जयंती समितीचे दादाराव आले. चौदा एप्रिलच्या भीमगीतांना मधल्या माइकवर यंदा पांढुर्ण्याहून करुणाबाईला बोलावून राहिलो, असं म्हणाले. तो माइक माझा आहे. तू बाजूला कोरस धरायचीस. माझा जळफळाट झाला, लपवत नाही. संत्री मुद्दाम धाडलीस का गं?

तुझी (अजून तरी) ताई,
मंगला

पांढुर्णा, ६ मार्च
ती. मंगलाताईस, सप्रेम जयभीम वि. वि.

तीच संत्री आमच्या अंकुशने खाल्ली आणि तो दिवसभर घर डोक्यावर घेतो. संत्र्यांवर आळ घेऊ नकोस. दादारावांना मी अजून हो म्हटलेलं नाही.

पण ताई, इतके दिवस कुणाचा घसा बसतो का? आणि घास का अडकावा? नागपूरला दाखव. नाही गेलीस तर मी येऊन तुला गाडीत कोंबीन.

राग धर, लोभ सोडू नकोस.
करुणा

सौंसर, २ एप्रिल
चि. करुणास, जयभीम.

दाखवून आले. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी छातीत फुग्यासारखी फुगली आहे. आवाजाची नस तिच्याखाली दबली, अन्ननलिकाही. असं क्वचितच कुणाचं होतं म्हणे. फुगा फुटला तर माणूस जागीच जातो, म्हणून ऑपरेशनला बारा तारीख दिली.

मी नाही म्हटलं. मी दवाखान्यात पडायचं आणि तू माझ्या जागी उभं राहून गायचं? चौदाला मी मांडवात बसून तुझ्या चुका काढणार. ऑपरेशनचं मग बघू. आशिष रडला. रडू दे.

मंगला

पांढुर्णा, ४ एप्रिल
ती. ताईस, जयभीम.

पत्र दोनदा वाचलं. खरं सांगू? तो माइक मलाही हवा होता. तुझ्यामागे कोरस धरून कंटाळले होते. पण तू मेल्यावर तिथे उभं राहून मी काय गाऊ? दादारावांना कळवलं, मी येत नाही. आता मांडवात तुला बघायला काही उरलं नाही. बाराला मी नागपुरात तुझी वाट पाहते.

तुझ्यावर चिडलेली,
करुणा

सौंसर, १ मे
चि. करुणास, जयभीम आणि आशीर्वाद.

मांडीतून तार घालून छातीत जाळीची नळी बसवली, तेव्हा तू तिथे होतीसच. घास उतरू लागला. आवाज मात्र आला नाही, आणि येईल असं डॉक्टर सांगत नाहीत. तू पांढुर्ण्याला परतलीस आणि मी फार रडले.

दादाराव सांगून गेले, चौदाला मधला माइक रिकामाच होता. कोरसमधल्या पूजाने बाजूच्या माइकवरून कसंबसं निभावलं. ऐकून आधी बरं वाटलं. मग राग आला, तुझाच. माझी जागा अशी ओस पडू द्यायची असते का?

बुद्धपौर्णिमेला तू गा. दादारावांना मी लिहून दिलं आहे. लोभ आहे तसा राहू दे, वाढवायची घाई नको. मी पहिल्या रांगेत बसेन. जळत बसेन, पण बसेन.

तुझी ताई