परस्थानाचं गाठोडं

सोमवार, ३ नोव्हेंबर

शूटिंगवाले आले! सात माणसं, दोन गाड्या, आणि चपला घालून थेट माजघरात. म्हणलं, "पाय धुवा नायतर चपला काढा, दोन्हीतलं एक तरी करा." ते बी क्यामेऱ्यात घेतलं त्यांनी.

हे सगळं पूनमचं. माझी नात. मी शेळीला शिव्या देतानाचा व्हिडिओ तिनं टीव्हीवाल्यांना पाठवला. शंभर दिवस चौदा माणसं एका घरात कोंडायची, फोन न्हाय, बाहेर पडणं न्हाय, असला कार्यक्रम. त्यात एक म्हातारी पायजे व्हती म्हणं. मी व्हय म्हणलं. रविवारी गाडी न्यायला येणार. त्याच्या आधी घरात माझी फिल्म काढणार.

नाव सांगायला लावलं सहा येळा. "गिरिजा." पुन्हा. "गिरिजा." उजेड गेला, पुन्हा! लगीन झाल्यापासनं एवढ्यांदा कुणी माझं नाव घेतलं नसंल. मी सुद्धा.

मंगळवार, ४

ग्यास गोणपाटाखाली झाकला. फ्रीजवर चादर. अंगणात तीन दगडांची चूल मांडली आन म्हणतात, आजी, हितं भाकरी करा. वारं फिरलं, धूर सगळा त्यांच्याच तोंडावर. त्यांचा म्होरक्या हृषीकेश, त्याचे डोळे गळायला लागले. म्हणलं, "तूच रड की. तुला पायजेच व्हतं न्हवं रडणं?"

मग डोळे पुसून इचारतो, आजी, तुम्हाला का यायचंय?

खरं सांगितलं. पन्नास वर्षं झाली या घरात. बाहेर पडले ती बाळंतपणाला, लग्नाला, नायतर मयताला. माझ्या मर्जीनं, माझ्यासाठी, एकदा बी न्हाय. घरामागनं विजापूरची गाडी रोज जाते. शेजारची चिमाबाई जाऊन आली. सांगते, तितल्या गोलघुमटात हाक मारली की सात येळा परत येते. दोन-अडीच तासांची वाट. मी आपली रुळापतुर जाते, शेळ्या हाकलायला.

"छान आहे, पण यात दुःख कमी पडतंय," म्हणाला.

घरच्या माणसाची एका कागदावर सही लागते. माझा पोरगा सिद्धनाथ ती करीना. "लोक म्हणतील, आईला सांभाळत न्हाय म्हणून पाठवली." म्हणलं, "तुझ्या शाळेच्या कागदावर अंगठा नको म्हणून मी लिवायला शिकले. आता तुझी पाळी."

उठून गेला.

बुधवार, ५

सही न्हाय. दिवसभर मेंढरात जाऊन बसला. मेंढरं तरी त्याच्यापरीस लवकर ऐकतात.

गुरुवार, ६

गाडी रविवारी, आन निरोप आजच! म्हणं शूटिंगला आजचाच दिवस उरलाय. हातात गाठोडं दिलं त्यांनी. आत उशी कोंबलेली. ते बघून मीच आतलं बदललं.

सुनेनं ओवाळलं, हातावर दही ठेवलं, मी उंबरा ओलांडला. "कट! आजी, परत या." परत? निघालेलं माणूस माघारी वळलं तर बसून पाणी प्यावं लागतं. बसले. प्याले. पुन्हा दही, पुन्हा उंबरा. पुन्हा कट! पाच येळा. पोटात ताक झालं.

पाचव्यांदा मी माघारी वळलेच न्हाय. ओवाळणं झालं, दही झालं, हे काय खेळणं हाय? माणसाचं निघायचं झालं आन गाडी नंतर असली, तर गाठोडं शेजारी नेऊन ठेवतात. त्याला परस्थान म्हणतात. गाठोडं बाहेर पडलं म्हणजे माणूस निघालं. मग ते जाऊन आल्याबिगर घरात घेत न्हायत. सरळ चिमाबाईच्या घरात नेऊन ठेवलं.

हृषीकेश मागं पळत आला. "आजी, ती आमची उशी आहे त्यात!"

"उशी तुझ्या गाडीत टाकलीय. यात माझी दोन लुगडी हायत, फणी हाय, शेंगाचटणी हाय."

मग चिमाबाईच्या अंगणातच बसवलं मला. हळूच म्हणाला, "एक वाक्य फक्त. मुलानं त्रास दिला, म्हणून घर सोडतेय. एवढं म्हणा. नाहीतर वरचे लोक तुम्हाला घेणार नाहीत."

"माझा पोरगा गाढव हाय," म्हणलं. "रोज म्हणते, त्याच्या तोंडावर म्हणते. पर उपाशी ठेवलं न्हाय त्यानं मला. खोटं म्हणायचं न्हाय."

"मग अवघड आहे, आजी."

"असू दे अवघड. तो क्यामेरा बंद कर आन च्या पी."

प्याला. दोन कप.

शुक्रवार, ७

सिद्धनाथनं सही केली! कागद ठेवला त्यांच्याच तीन दगडांच्या चुलीपाशी, वर खडा ठेवून. पूनम सांगते, काल चिमाबाईच्या भिंतीपलीकडं उभा व्हता, मेंढरं घेऊन. सगळं ऐकलं.

गाढव!

शनिवार, ८

फोन आला. दुसरी आजी घेतली. ती लई चांगली रडली म्हणं.

पूनम बी रडायला लागली. तिला म्हणलं, आता रडून काय उपेग, निवड झाली की!

वाईट वाटलं. न्हाय कसं वाटणार? दुपारची भाकरी गेली न्हाय.

सिद्धनाथ चपला घालत म्हणाला, "जाऊ दे, आये. चिमाकाकूकडचं गाठोडं आणतो."

"हात लावू नको त्याला," म्हणलं. घातलेल्या चपला काढून ठेवल्या त्यानं.

रविवार, ९

होटगी स्टेशन. बाकड्यावर बसून लिवतेय. सिद्धनाथनं गाठोडं चिमाबाईच्या दारातनं उचललं आन हितं आणलं, घरात न्हाय. तिकीट त्यानंच काढलं. एकच काढ म्हणलं, एकच काढलं.

गावातला कल्लप्पा भेटला. "कुणाची मयत, आजी?" कुणाची न्हाय. "लगीन?" न्हाय.

विजापूरची गाडी दिसाय लागली. घुमटात जाऊन माझं नाव मोठ्यानं घेणार हाय. बघू, सात येळा येतंय का.