अमोसचा तारा

इगतपुरी, १८ डिसेंबर १९३४

अमोसच्या आईस प्रेमाचा सलाम.

मी प्रभूच्या कृपेने बरा आहे, तू दिलेली घोंगडी पुरते. धाकट्या मार्थाचा खोकला गेला का?

गेल्या नाताळानंतर नाशिकहून कामावर निघालो, त्या सकाळी तू पाण्याला गेलीस तेवढ्यात मी नाताळच्या खोक्यातून अमोसचा तारा काढून खिशात घातला. त्याच्या बाप्तिस्म्याला मीच पत्रा कापून, नाव ठोकून केलेला. आपल्या घरी ज्याने त्याने आपला तारा आपल्या हाताने नाताळच्या झाडाला लावायचा. तो ख्रिस्ती मंडळीबाहेर लग्न करून गेला आणि त्याचा तारा तू लावलास, ते मला सोसवले नाही.

आता तू लिहितेस, "सगळे घर उलटेपालटे केले, तारा माझ्याच हातून हरवला." ते वाचल्यापासून प्रार्थनेला बसलो की माझ्या पेटीतला तारा आठवतो. तुला दोष घेऊ दिला, क्षमा कर.

रविवारी तारा घेऊन घोटीला अमोसच्या घरी गेलो. दार सुनेने, वत्सलाने उघडले. मला पाहून अमोस पांढरा पडला.

"बाबा, आईला काही झालं का?"

"बरी आहे. हा शोधतेय," म्हणून तारा त्याच्या हातात दिला.

त्याने नावावरून अंगठा फिरवला आणि तारा परत माझ्यापुढे धरला. "मग हिचा कुठाय?"

तारा मुठीत घेऊनच परत आलो.

आज सकाळी बिस्किटांचा डबा कापला, खिळ्याने वत्सलाचे नाव ठोकले आणि दोघांच्या हातात दोन तारे देऊन आलो. यंदा झाडासाठी सुरूची फांदी जरा मोठी आण.

अमोसचा बाप,
शलमोन