उजव्या कानाचा शोध

२ जानेवारी, सकाळी ६
संकल्प: ३१ मार्चच्या आत पीएचडी. दोनदा मुदतवाढ झाली, आता विद्यापीठ रजिस्ट्रेशनच रद्द करणार म्हणतंय. नऊ वर्षांचं काम पाण्यात जाऊ देणार नाही. काम म्हणजे, विषय तीनदा बदलला. आता पक्का आहे: शेवग्याच्या पाल्याच्या पावडरीने शेळीचं दूध वाढतं. वाढतंच. फक्त सिद्ध करायचं राहिलंय. पाटीवाल्याला नावाआधी ‘डॉ.’ घालायला सांगून आलो.

५ जानेवारी
चौसाळ्याला जाऊन आलो. केसरबाईंच्या चाळीस शेळ्या. विसांच्या पाठीवर लाल ठिपका, विसांच्या पाठीवर निळा. लाल गटाला रोज मूठभर पावडर, निळ्याला नुसता नेहमीचा चारा. निळा गट तुलनेसाठी, म्हणजे कंट्रोल ग्रुप, हे केसरबाईंना अर्धा तास समजावलं. निळ्यांनी काय घोडं मारलंय, असं विचारत होत्या. म्हणालो, विज्ञानात असंच असतं. मग बरं म्हणाल्या. समजावणारा चांगला असला की लोकांना सगळं कळतं.
येताना मांजरसुंब्याला भजी. तेल बंद करण्याचा संकल्प बीड शहराच्या हद्दीतच लागू आहे.

१९ जानेवारी
केसरबाईंचा फोन, पावडर संपली. महिन्याची पंधरा दिवसांत! लाल शेळ्या दुप्पट खातायत, म्हणजे चव किती आवडली असेल! चवीवर वेगळा पेपर होईल. दुसरा डबा एसटीने पाठवला. स्वतः जाऊन देखरेख करणार होतो, पण पाठ धरली.

२४ फेब्रुवारी
दूध मोजून झालं. लाल गटाचं वाढलं. निळ्या गटाचंही वाढलं. तेवढंच! या निळ्यांना कुणी सांगितलं होतं?
सॉफ्टवेअरने दोन गटांतल्या फरकाची पी व्हॅल्यू दिली ०.८२. ०.०५ च्या खाली आली तर शोध, वर राहिली तर नुसत्या शेळ्या. आमचे गाईड सुंदरराव सर म्हणाले, डेटाशी बोला. नऊ वर्षांत त्यांनी दिलेला हा पहिला सल्ला.

१ मार्च
दोन दिवस चौसाळ्यात. डेटाशी बोलतोय. वजन ०.४४. उंची ०.५९. शेपूट ०.७१. मिनिटाला किती वेळा ओरडते, ०.२८. लेंड्या ०.३३, आणि त्या दोनदा मोजल्या. केसरबाईंचे मालक हरिबा लांबून बघत होते. सर, तब्येत बरी हाय ना, म्हणाले. संशोधकाच्या नशिबी हेच.

२ मार्च, संध्याकाळी
विसावी चाचणी. उजव्या कानाची लांबी. ०.०४१!!! लाल गटाचे कान लांब! आलो खाली!
डावा कान एकोणिसावा होता, ०.६३. तो थीसिसमध्ये घेणार नाही. जागा कमी आहे.
हिला सांगितलं. ही जिल्हा परिषद शाळेत सातवीला गणित शिकवते. म्हणे, दोन्ही गटांत काडीचा फरक नसला तरी वीस गोष्टी तपासल्यावर एखादी नुसत्या योगायोगाने ०.०५ च्या खाली येतेच. बाकीच्या एकोणीस लिहिणार का, असंही विचारलं. सातवीच्या गणितावर पीएचडी होत नसते. मोठ्या मनाने माफ केलं.

८ मार्च
कारणमीमांसा तयार: शेळी पाला उजव्या दाढेने चावते, रक्त उजवीकडे धावतं, कान वाढतो. खात्री करायला चार शेळ्या पाहिल्या. तीन डावीकडून चावत होत्या. चार हा आकडा फार लहान आहे, त्यावर विसंबणं अशास्त्रीय.
सुंदरराव सरांनी विचारलं, कानाचं करायचं काय? मग म्हणाले, जाऊ द्या, सिग्निफिकंट आहे ना, ०.०५ च्या खाली? झालं तर.
पाटी आली. ‘डॉ.’ जरा मोठं झालंय, पण शोभतं.

२८ मार्च
आज कमिटीसमोर शेवटचं सादरीकरण. केसरबाईंचा सत्कार मीच ठेवला होता, ग्रामीण सहभाग दिसावा म्हणून. शाल, श्रीफळ, पुढच्या रांगेत खुर्ची. ०.०४१ ची स्लाइड लावली, टाळ्यांसाठी थांबलो. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ मॅडमनी केसरबाईंना सहज विचारलं, निळ्या शेळ्यांना चुकूनही पावडर दिली नाहीत ना?
केसरबाई ताडकन उठल्या. म्हणाल्या, चुकून कशापायी, रोज दिली. एका दावणीला बांधलेल्या, एकीच्या म्होरं टाकायचं अन् दुसरीनं तोंडाकडं बघायचं, असला पंक्तिप्रपंच आमच्यात न्हाई. समद्यांला सारकंच वाढलं. सर रागावतेल म्हून बोलले न्हाई. पर दूध लई वाढलं बगा समद्यांचं!
मॅडमनी चष्मा पुसला. म्हणाल्या, म्हणजे दोन गटांत फरक काहीच नव्हता, तरी यांच्या लाल शेळ्यांचा कान वाढला. दूध कदाचित पावडरीनेच वाढलं असेल हो, पण ते आता कुणालाच सांगता येणार नाही.
लाज वाटली. फार लाज वाटली. केसरबाई शाल पांघरून माझ्याकडे बघून हसत होत्या. त्यांना वाटलं, त्यांनी मला पास केलं.

२९ मार्च
नवा विचार: केसरबाईंच्या मानसशास्त्रावर प्रबंध. दोन दिवस पुरतील. सुंदरराव सर फोन उचलत नाहीत.

३१ मार्च, संध्याकाळी
पाच वाजता रजिस्ट्रेशन संपलं. २ मार्चची नोंद काढून वाचली. हिने तेव्हाच सांगितलं होतं, आणि ते मी माझ्याच अक्षरात लिहून ठेवलंय. हिला दाखवली नाही.
केसरबाईंचा फोन. आणखी पावडर हाय का, लई गुणाची हाय म्हणाल्या. घरातला डबा शोधला. रिकामा.
जेवायला थालीपीठ, हिरवंगार. ही म्हणे, उरलेली पावडर संपवली, घरातल्या चौघांना सारखीच.
जेवून उठल्यावर दार लावून टेपने उजवा कान मोजला. सहा पूर्णांक चार सेंटिमीटर. जेवणाआधी मोजायला हवा होता.