ठिपका पुढे, आई मागे

३ मार्च
आलो एकदाचे! सामान अजून खोक्यांत आहे, पण वही आधी काढली. नोकरी मला आणि खोली आईला, असा दुहेरी योग कुणाच्या नशिबी असतो? विसरभोळ्या म्हाताऱ्यांचं हे निवासगृह. इथल्या प्रत्येकाच्या दंडात, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. मी पडद्यासमोर बसायचं. पडद्यावर इमारतीचा नकाशा आणि त्यात प्रत्येकाचा एक ठिपका. बस्स, एवढंच काम.

आई मागच्या वर्षभर सारखी माझ्या हातावर तुरी देऊन निघून जायची. शेवटी बसडेपोत सापडली, अनवाणी, आणि वर मलाच विचारलं की एवढा उशीर का केलास. आता माझ्या जिवात जीव येईल. आल्या आल्या तिने खिडकीच्या पडद्याची शिलाई उलटून पाहिली आणि शिवणाऱ्याला फटके द्यायला हवेत असं जाहीर केलं. जन्मभर शिवणकाम केलेली बाई ती. म्हणजे स्वारी खूश आहे.

५ मार्च
आज आईला चिप बसवली. पूर्वी मनगटात पट्टा घालायचा विषय काढला होता, तेव्हा मी काय कुत्रं आहे का म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं होतं. म्हणून या वेळी ताकदीचं इंजेक्शन आहे असं सांगितलं. संमतिपत्रावर तिला निर्णय घेता येत नाही असं लिहून खाली माझी सही केली. तिने मुकाट्याने बाही वर केली. फार वाईट वाटलं. पण बसडेपो आठवला आणि गप्प बसले.

आम्हा नोकरमाणसांनाही चिप घ्यावी लागते. माझी उजव्या हातात, अंगठ्याच्या बेचक्यात. हात दाखवला की दार उघडतं. किल्ल्यांची कटकट नाही, सुटले बाई!

९ मार्च
इथे खोल्यांत डोकवायचं नाही. मॅडम, म्हणजे आमच्या व्यवस्थापिका, म्हणाल्या की सारखं दार ढकलून बघणं म्हणजे माणसाचा अपमान. ठिपका जागेवर तर माणूस जागेवर. बाईंचा आवाज पाकातला. मला पटलंही. नर्ससुद्धा औषध द्यायला निघताना आधी पडदा बघते, मग पाय उचलते.

१४ मार्च
गंमत झाली. मास्तर म्हणून एक आजोबा आहेत, निवृत्त शिक्षक. त्यांचा ठिपका बागेतल्या बाकावर दिसत होता. खिडकीतून पाहिलं तर बाक रिकामा. मी उठणार, तोच मास्तर काठी टेकत आले आणि बसले. दुपारी पुन्हा तेच.

यंत्रवाल्याला विचारलं. चिपा बसवणारा तोच. म्हणाला, हा बिघाड नाही, सुधारणा आहे. यंत्राला माणसाच्या सवयी कळतात, म्हणून ते जरा आधीच दाखवतं. तेव्हापासून एकही माणूस हरवलेलं नाही म्हणे. मी म्हटलं, माझ्या सवयी मलाच कळत नाहीत, यंत्राला काय कळणार! तो हसला नाही.

२० मार्च
आई अगदी शहाण्यासारखी वागतेय. फाटकाकडे फिरकतसुद्धा नाही. फक्त दंड चोळत असते. आज ती खिडकी सोडून तळघराच्या जिन्याशी का बसली होती म्हणून विचारलं. म्हणाली, मला कुठे बसायचंय इथे, पण कुणीतरी बोट धरून आणतं, पोराला शाळेत नेतात तसं.

मी हसण्यावारी नेलं. आता हसू येत नाहीये.

२३ मार्च
आज मास्तरांवर नजर ठेवली. वर्तमानपत्र काखेत मारून वाचनालयाकडे निघाले होते. मध्येच थांबले. वळले. बाकाकडे चालू लागले. तोंड रडवेलं झालं होतं. बाकावर त्यांचा ठिपका आधीपासून होता.

ठिपका माणसामागे जात नाही. माणूस ठिपक्यामागे जातं.

२६ मार्च
मास्तरांचा ठिपका तळघरातल्या शेवटच्या खोलीत. तिथे मोडक्या खाटा ठेवतात. मग तो फिकट झाला. नियम गेला खड्ड्यात, मी धावत त्यांच्या खोलीत गेले. मास्तर आपल्या पलंगावर बसून वर्तमानपत्र वाचत होते! काय झालं पोरी, म्हणाले. परत येताना नर्स भेटली. हातात धुतलेल्या चादरी. मास्तरांच्या पलंगासाठी, म्हणाली.

२७ मार्च
मास्तर गेले. तळघरात सापडले.

नर्सला विचारलं, चादरी कालच कशा काढल्यास. ठिपका फिकटला होता ना, म्हणाली. मॅडम म्हणाल्या की किती शांतपणे झालं सगळं, कुणाची धावपळ नाही.

३० मार्च
मॅडमकडे गेले. आईची चिप काढा म्हटलं. त्या म्हणाल्या, जिच्या अंगात आहे तिनेच मागायला हवं. आणि आईला निर्णय घेता येत नाही, असं मीच लिहून दिलंय.

आई शेजारी उभी होती. स्वच्छ म्हणाली, काढा हे. मॅडमनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पडद्याकडे पाहिलं.

खोलीत आल्यावर आईला सगळं खरं सांगितलं. तिने बाही वर करून दंड चाचपून पाहिला. मग म्हणाली, विचारायचं होतंस गं मला. एकदा तरी विचारायचं.

१ एप्रिल
आईला घेऊन फाटकापर्यंत गेले. फाटक माझ्या हाताला उघडत नाही. काल उघडत होतं.

२ एप्रिल, सकाळ
आईचा ठिपका तळघरात. शेवटच्या खोलीत. अजून फिकटलेला नाही.
तिला नोकरमाणसांच्या मजल्यावर, माझ्या खोलीत आणलं. आतून कडी घातली. जुनी लोखंडी कडी, तिला यंत्र नाही. इथून आईला कुणी नेऊन दाखवावं.

दुपार
आईचे पाय दाराकडे ओढ घेतात. पण बाई हट्टी! खाटेचा दांडा धरून बसलीय, सोडत नाही. मला हसू आलं आणि रडूही—

नकाशा फोनवरही दिसतो, तिथे पाहिलं. तिच्या ठिपक्याशेजारी आणखी एक. नर्सचा असेल म्हटलं.

माझा आहे.

अजून दुपार
कडी अर्धी निघालेली. आई जागची हलली नव्हती. कडीवर हात होता तो माझा—

पुन्हा घातली. पुन्हा—

आता लिहीतच राहायचं. चिप उजव्या हातात आहे. त्यात पेन असेपर्यंत तो कडीला जाणार नाही. डाव्या हाताने आईचा हात घट्ट धरलाय. ती म्हणते, लिही बाळा, थांबू नकोस, काहीही लिही.

पडद्याची शिलाई. बसडेपो. अनवाणी पाय. मी विचारायला हवं होतं, आई, मी—

आई ओरडतेय. हात का सोडलास म्हणते. कुठे सोडलाय, मी तर लिहिते—

अक्षर वाकडं का येतंय

पेन डाव्या हातात कधी