खुर्चीच्या फिल्ममध्ये आलेला फोन

तीर्थस्वरूप आत्या हिस,

साष्टांग नमस्कार. (खोली एवढीशी आहे की साष्टांग घातला तर पाय जिन्यात जातात, पण भावना समजून घे.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की नुसते शेजारणीला समजावून सांगतेस? मी मजेत आहे. थोडा खोकला आहे, पण घरमालकीणबाईंच्या तोंडापुढे तो काहीच नाही.

फिल्मचं शूटिंग एकदाचं उरकलं. फिल्म म्हणजे आठ मिनिटं एक रिकामी खुर्ची आणि तिच्यावरून सरकत जाणारं संध्याकाळचं ऊन, बस. बाबांनी विचारलं, माणूस कधी येतो? येतच नाही म्हटल्यावर म्हणाले, मग लोक तरी कशाला येतील? (कलेच्या बाबतीत तुझ्या भावाचा हात कोणी धरू शकत नाही.) खुर्ची घरमालकीणबाईंची. आम्ही ती मोडू नये म्हणून त्या स्वतः दारात स्टूल टाकून बसल्या आणि "अजून काहीच कसं होत नाही गं?" असं सारखं विचारत राहिल्या. आवाज टिपणारा माझा मित्र, ज्याला आम्ही कानसेन म्हणतो, त्याने शेवटी हात जोडले, तेव्हा कुठे गप्प झाल्या. ऊन खुर्चीवर आलं, कॅमेरा सुरू झाला, आणि तुझा फोन आला.

माझ्या दोन्ही हातांत पांढरी चादर, खुर्चीवर उजेड पाडायला. कानसेन घाबरून फोन बंद करायला धावला आणि स्पीकर लावून बसला. ऊन काही तुझं बोलणं संपेपर्यंत थांबणार नव्हतं, म्हणून कॅमेरा चालूच ठेवला. तू आधी गीझरवाल्याची खरडपट्टी काढलीस, मग माझी. मी नुसतं "हं, हं" करत होते. (एरवी मी इतकी गुणी नसते, हे तुझ्याही लक्षात आलं असेलच.) तर असा तुझा आवाज थोडासा फिल्ममध्ये आलाय. शुक्रवारी ती महोत्सवाला पाठवायची आहे. नोकरी सोडल्यापासून केलेलं हे एकच काम मला स्वतःला आवडलंय. बाकी सगळं ठीक. काळजी घे.

तुझी भाची

ता. क. थोडासा म्हणजे सगळाच. काढून पाहिला, पण नुसत्या खुर्चीकडे बघताना मीसुद्धा पेंगले. म्हणून तुझी परवानगी हवी आहे.

आणखी एक ता. क. आता खरं सांगते. बोलून झाल्यावर तू फोन बंद करायला विसरलीस, आणि काकांना म्हणालीस, "ऐकलंत का, पोरगी खोकतेय. विचारलं तर सांगायची नाही." काकांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी ते उत्तर देतील इतका वेळ तू थांबलीस, आणि मग "बरं" म्हणालीस. आमच्यासमोर ती रिकामी खुर्ची. घरमालकीणबाई उठून आत गेल्या. कानसेन डोळे पुसत होता. मला तर चादर धरवेना. फार रडू आलं गं. तू नको म्हणालीस तर ही फिल्म कुणालाही दाखवणार नाही, शपथ.

शेवटचा ता. क. तू रागवायला फोन करशीलच. बोलून झालं की ठेवायची घाई करू नकोस. काकांना माझ्याबद्दल काय सांगतेस, ते मलाही ऐकू दे.