एकतीस नंबरचा जबडा

सोमवार, ४
नोकरी लागली! या वर्षातली चौथी, पण ही टिकणार. दातांची लॅब आहे. झोपेत ज्यांचा श्वास अडकतो त्यांच्यासाठी इथे दातपट्टी बनवतात. ती खालचा जबडा पुढे ओढून धरते, घसा मोकळा राहतो. फळीवर प्रत्येक पेशंटचा प्लास्टरचा जबडा, नंबर टाकलेला. दिवसभर सगळे माझ्याकडे बघून दात विचकतात. मालकीणबाईंना ताई म्हणायचं. त्यांचा एकच नियम: पेशंट वारला की त्याचा जबडा त्याच दिवशी हातोडीने फोडायचा. का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, पगार फोडण्याचा मिळतो, विचारण्याचा नाही.

बुधवार, ६
एकतीस नंबर गेला. पट्टी न लावता झोपला, तो उठलाच नाही. हातोडी आणायला निघालो तर समोरच्या गच्चीवर क्रेनने अख्खी पाण्याची टाकी चढवत होते. बघतच बसलो. फोडायचं राहिलं.

शनिवार, ९
ज्याच्याकडे राहतो तो मामा म्हणतो, गाढवा, तू नुसता घोरत नाहीस, मध्येच मरतोस आणि परत येतोस. डॉक्टरही तेच म्हणाले, जरा सभ्य भाषेत. ताई म्हणाल्या, पट्टी मी फुकट करते, जबडा तू ओत. ओतला. हातातून सटकला, तुकडे! बोलणी कोण खाणार? एकतीसवर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवली. नाही बसली पट्टी, तर घासू.

मंगळवार, १२
घासावी लागलीच नाही. चपखल बसली. मामा खूश. म्हणे, आता मेल्यासारखा शांत झोपतोस.

गुरुवार, १४
लहानपणी सायकलवरून पडून माझा पुढचा दात तुटला होता. आज आरशात अख्खा आहे. जिभेने दहादा चाचपला. एकतीसचा तो दात अख्खाच.
मामा म्हणतो, झोपेत तू दोघांचा श्वास घेतोस. एक आत घेतो, दुसरा — हसला तो. मला नाही हसू आलं.

शुक्रवार, १५
पट्टी निघत नाही. मामाने पक्कड लावून पाहिली. तोंडच उघडत नाही —

शनिवार, १६
लॅबमध्ये. ही वही ताईंना वाचायला दिली. पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, फोडलाच नाहीस? त्यांनी एकतीसचा जबडा टेबलावर ठेवला. हातोडी शोधताहेत.
त्यांचा धक्का लागून जबडा कलंडला. माझ्या हनुवटीतून कळ —
ताई, थांबा. ते दात आता माझे. इकडे बघा. वाचा हे. टेबल बडवतोय, ओरडता येत नाही — पाठमोऱ्या आहेत — हातोडी वर —
ताई, तो मी