दोन मोठ्या घरांच्या मधलं रान

आई, काल बारावीच्या वर्गात मी तुझी गोष्ट सांगितली आणि सांगताना थोडी लबाडी केली. ती कुठे केली ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तू पुढचं ऐकणार नाहीस, मान खाली घालून शिलाई मशीन चालवायला लागशील. तुला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली. मी आता सोलापुरात राज्यशास्त्र शिकवते. राज्यशास्त्र म्हणजे काय गं, असं तू एकदा विचारलं होतंस आणि मी मोठ्या तोऱ्यात काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं होतं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हंजी गावातलंच की, नुसतं लई लांबचं." तेव्हा मला हसू आलं होतं. आता दरवर्षी पहिल्या तासाला मी तेच वाक्य वर्गाला ऐकवते, अर्थात तुझं म्हणून न सांगता.

कालचा विषय होता मोठे देश आणि त्यांचे लहान शेजारी. फळ्याशेजारी नकाशा टांगला होता. एक मोठा देश एखाद्या बेटावरच्या लहान देशाला बंदर बांधून देतो, की दुसरा मोठा म्हणतो, मी तुझ्याकडे वीज आणून देतो. एक डोंगर फोडून रस्ता काढून देतो, दुसरा रेल्वेची बोलणी लावतो. एक दवाखाना उभारतो, दुसरा तिथल्या पोरांना शिष्यवृत्ती देऊन आपल्याकडे शिकायला नेतो. मग दोघांचे मंत्री आळीपाळीने विमानातून उतरतात, हार घालून घेतात आणि आम्ही तुमचे जुने मित्र म्हणतात. मी 'प्रभावक्षेत्र' हा शब्द समजावत होते, तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. अक्कलकोटकडची आहे, घरात कानडी, वर्गात मराठी, रोज एसटीने येते आणि मनात आलेलं पोटात ठेवत नाही. "मॅडम, फुकट मिळतंय तर घ्यावं की! दोघांकडनंबी घ्यावं. न घ्यायला काय झालं?" वर्ग हसला. मला हसता येईना, कारण हाच प्रश्न मी तेरा वर्षांची असताना बांधावर उभी राहून तुला ओरडून विचारला होता.

मग मी पुस्तक मिटलं आणि मंद्रूपकडचं आपलं गाव फळ्यावर काढलं. वर एक मोठा चौकोन, ते वरलं घर. खाली एक मोठा चौकोन, ते खाललं घर. दोघांकडे ऊस, दोघांकडे ट्रॅक्टर, आणि सरपंचपद या नाहीतर त्या घरात. दोघांच्या मधोमध आपलं दोन एकर कोरडवाहू रान, त्याच्या कडेला आपलं घर आणि आपली गल्ली. वरल्यांची विहीर ओढ्याजवळ आणि ऊस माळाच्या बाजूला. पाणी उसाला न्यायचं तर पाईप आपल्या रानातूनच जायला हवा, आणि तो जाऊ नये अशी खालल्यांची इच्छा. शिवाय गल्लीतल्या सगळ्या बायका ब्लाऊज शिवायला तुझ्याकडे यायच्या, आणि मत कुणाला द्यायचं हे तुझ्या मशीनपाशी बसून ठरायचं. बाबा गेल्यानंतर आपल्याकडे उरलं होतं काय, तर दोन एकर, एक मशीन आणि नेमकी मधली जागा. मुलांना मी सांगितलं, की लहान देशांचंही पुष्कळदा असंच असतं, त्यांच्याकडे बाकी फार काही नसलं तरी जागा मोक्याची असते.

आणि मग वाट्या. वरल्या घरातून पुरणपोळ्या आल्या की दुसऱ्या दिवशी खालल्या घरातून खवा यायचाच. वरल्यांची म्हैस व्याली की चीक यायचा, खालल्यांच्या गुऱ्हाळातून गरम काकवी यायची. भांडं रिकामं परत करायचं नाही ही पद्धत सगळ्याच घरांत असते, पण तू ती अशी पाळायचीस की एखाद्या परराष्ट्र खात्याने तुझ्याकडे शिकवणी लावावी. दोन्ही घरांना तीच शेंगांची चटणी, त्याच उखळात कुटलेली, वाटी काठोकाठ भरून. मशीनमागच्या भिंतीवर दोन खुंट्या होत्या, एक वरल्यांच्या कपड्यांची, एक खालल्यांच्या. दिवाळीत दोन्ही घरांचे ब्लाऊज पुरे झाल्याशिवाय तू एकाही घराचे पाठवायची नाहीस. मग मला वर आणि धाकट्या भावाला खाली एकाच वेळी पिटाळायचीस, कुणाचे आधी पोचले यावरून कुणाचं बिनसू नये म्हणून. पुस्तकात याला अलिप्ततावाद म्हणतात, असं मी सांगितल्यावर वर्ग खूश झाला. एकीने वहीत 'शेंगांची चटणी' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

पाण्याचंही सांगितलं. वरले आप्पा स्वतः आले होते, चप्पल बाहेर काढून, तू दिलेल्या पाटावर बसले होते. "वैनी, पाईप जाऊ द्या की. तुमच्या रानालाबी पानी सोडतो. फुकाट." तू हातातल्या कापडाला टाचणी लावत एवढंच विचारलंस, "पानी सोडायचा कॉक कुटं बसवनार?" आप्पांना त्या प्रश्नाचं नवल वाटलं. "आमच्या हिरीवर की. दुसरीकडं कुटं बसवतात?" "मग ऱ्हाऊ द्या. ज्वारी येती की वलीवर." आठवड्याने खालले अण्णा आले, त्यांच्या बोअरचं पाणी द्यायला. त्यांनाही तू तोच प्रश्न विचारलास आणि तेच उत्तर दिलंस. मी संतापले होते. बांधावर उभी राहून ओरडले, फुकट देतायत तर घे की! तू खुरपं खाली ठेवलंस. "आगं, कॉक त्यांच्या हातात ऱ्हानार. ज्या दिशी मी न्हाय म्हनीन, त्या दिशी काय करायचं?" मला ते भित्रेपणाचं वाटलं. त्या वर्षी ज्वारीची कणसं बोटभर आली आणि मी तुझ्याशी चार दिवस बोलले नाही.

इथपर्यंत गोष्ट छान रंगली होती. मग एक मुलगा उठला. त्याचे वडील चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहेत आणि तो वर्षभरात चार वेळा बोलला असेल नसेल. तो म्हणाला, "पण मॅडम, यात आपला देश कोण? आपण तर वरलं घर झालो की." सगळ्यांच्या नजरा फळ्यावरच्या वरच्या चौकोनाकडे गेल्या. आई, इतकी वर्षं मी हा धडा शिकवते आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात स्वतःला मधल्या रानात उभं करते, कारण मी तिथे वाढले. आपल्याला कुणी आप्पा म्हणत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आपण बांधून दिलेल्या रस्त्याच्या कडेला कुठेतरी एखादी बाई उभी असेल आणि कॉक कुठे बसवणार, असं मनाशी म्हणत असेल, नाही का? मला ते फार जाणून घ्यावंसं वाटायला लागलंय. आणि आप्पांबद्दलही. बाबा गेले त्या दिवशी सगळ्यात आधी धावत आले ते आप्पाच. त्यांना पाईप हवा होता आणि आपलं भलं व्हावं असंही वाटत होतं, आणि दोन्हींत त्यांना काही वावगं दिसत नव्हतं. तू नको म्हणालीस तेव्हा ते रागावले नाहीत, बुचकळ्यात पडले. मोठ्या देशांचे मंत्री परतीच्या विमानात तसेच बसत असतील का?

तास संपत आला तेव्हा अक्कलकोटची पोरगी पुन्हा उठली. "मग मॅडम, तुमच्या आईनं शेवटपर्यंत कुणाचं काईच घेतलं न्हाई?" मी म्हणाले, "नाही." घंटा झाली. जाताना ती टेबलापाशी रेंगाळली आणि अगदी सहज विचारलं, "आन मग तुमी सोलापूरला कशा आलात शिकायला?" मी म्हणाले, हुशार होते म्हणून.

दहावीचा निकाल लागला त्या दिवसाचं मला सगळं दिसतंय. मी गावातून पहिली आलेय. आप्पांची जीप कोपऱ्यावर वळताना तू बघतेस आणि मागच्या दारी उखळाशी जातेस, कारण डबा येणार आणि तो भरून जायला हवा. आप्पा बुंदीचे लाडू घेऊन आलेत. माझ्या डोक्यावर हात ठेवतात. "सोलापूरला शिकनार का, बाळ? पोरींच्या वसतिगृहात आपला शब्द चालतो. आजच चिठ्ठी देतो." तू मला सांगून ठेवलेलं आहेस, की यंदा मंद्रूपलाच अकरावीला जा, पुढचं पुढं बघू. मी एका क्षणात म्हणते, "व्हय, जाते." लाडू परातीत ओतते आणि डबा तसाच रिकामा त्यांच्या हातात देते. जीप निघून जाते. तू चटणीने लाल झालेले हात घेऊन पुढे येतेस आणि विचारतेस, "डबा कुटाय?" मी सगळं सांगते. तू विचारतेस, "थांबा म्हनून सांगितलं न्हाईस?" मी म्हणते, उखळाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.

तू मशीनपाशी जाऊन बसलीस, पण शिवलं काहीच नाहीस. मग चटणी आपल्या वाटीत भरलीस, पदराखाली धरलीस आणि वर गेलीस. त्या घराचा उंबरा तू तोवर कधी ओलांडला नव्हतास, सगळी देवाणघेवाण आमच्याच पायांनी चालायची. दिवेलागणीला परत आलीस आणि म्हणालीस, "सोमवारपास्नं पाईप टाकत्यात. तुजी पिशवी कुटली न्यायची ती बघ." तिथे काय बोलणं झालं हे मी तुला कधीच विचारलं नाही. तू नको म्हणायला गेली होतीस का? की मी दिलेला शब्द मोडायचा नाही असं वाटेतच ठरवलं होतंस? का त्यांच्या ओसरीवर बसल्यावर तुलाही एकदा वाटून गेलं, की पोरगी शिकते आहे तर जाऊ दे पाईप? मी जगभरचे करार वाचते, आई, आणि या एकाच करारातलं मला काही माहीत नाही.

पहिल्या वर्षी पाणी वेळेवर आलं. कांदा चांगला झाला. पुढच्या सुट्टीत मी आले तेव्हा मशीनमागची एक खुंटी रिकामी होती. खालल्या घरच्या बायका ब्लाऊज दुसरीकडे टाकायला लागल्या होत्या आणि त्यांची वाटी बंद झाली होती. एवढं मला समजण्यासारखं होतं. पण वरल्या घरातूनही वाटी येईनाशी झाली होती, त्याचं मात्र मला तेव्हा कोडं पडलं. आता मी ते दोन मिनिटांत शिकवते. ज्याची खात्री झाली त्याच्या दारी कोण कशाला वाटी घेऊन येईल? मतदानाच्या दिवशी जीप दाराशी उभी राहायची आणि तू निमूट चढायचीस. एका उन्हाळ्यात गल्लीतल्या बायकांसमोर तू आप्पांच्या उमेदवाराला नावं ठेवलीस, तर पंधरा दिवस कॉक फिरला नाही. आधी आमचा ऊस भिजू द्या, एवढाच निरोप आला. कांदा जागच्या जागी करपला. हे मला पुढे धाकट्याने सांगितलं. त्याच्याकडून लिहून घेतलेल्या तुझ्या पत्रात होतं, हितं समदं बरं हाय, तू अभ्यास कर. मी अभ्यास केला. वसतिगृहाच्या खिडकीत बसून लहान देशांच्या स्वातंत्र्यावर निबंध लिहिला आणि त्याला बक्षीस मिळालं. ते मी तुला मोठ्या कौतुकाने दाखवलं आणि तू पदराने पुसून फडताळात ठेवलंस. त्याची आज मला मनापासून लाज वाटते.

सोमवारी मी त्या पोरीला सगळं सांगणार आहे. तू एकदा घेतलंस आणि माझ्यासाठी घेतलंस, हे तिला कळायला हवं, कारण उद्या तिच्याही पुढे कुणीतरी डबा घेऊन उभं राहणार. घेऊ नकोस असं मी तिला कुठल्या तोंडाने सांगू? मी घेतलं म्हणून तर इथे उभी आहे. भांडं भरून होईपर्यंत त्यांना थांबव, एवढं सांगेन.

हे पत्र तुझ्या मशीनच्या खणात ठेवते, बॉबिनांच्या डबीखाली. मशीन आता माझ्याकडेच असतं. आणि लबाडीचं म्हणशील तर वर्गात केलेली ती लहान होती. मोठी जुनी आहे. त्या दिवशी आप्पा चिठ्ठीचं बोलले आणि मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या दारी उखळ थांबलं होतं. "त्यास्नी थांबा म्हनावं, मी आलेच," अशी तू हाक दिलीस. आई, मला ती स्वच्छ ऐकू आली होती.